थंडीत रिस्टोरेटिव्ह योगा: पाच मिनिटांत अंग गार पडतं, नागपुरात कोणी करतं का?

प्रतापनगरची_सून

नमस्कार मंडळी. मुद्दाम नागपूरकरांनाच विचारतेय, कारण बाहेरच्या लोकांना आपली थंडी खरीच वाटत नाही, त्यांच्या मते नागपूर म्हणजे बारा महिने भट्टी. २९ डिसेंबर २०१८ ला इथं ३.५ डिग्री झालं होतं हे सांगितलं तर हसतात.

तर मी पावसाळ्यापासून रिस्टोरेटिव्ह योगा करते. म्हणजे लोड, उशा, चादरी लावून एकेका आसनात दहा-बारा मिनिटं पडून राहायचं, ताणायचं नाही, जोर लावायचा नाही, तोच प्रकार. ऑफिसमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान-खांदे आखडायचे आणि रात्री झोप लागायला एक-दीड वाजायचा, म्हणून सुरू केलं आणि खरंच फरक पडला. दिवाळीपर्यंत मस्त चाललं. आता डिसेंबर लागला आणि सगळं बिनसलं. पहाटे साडेपाचला करायची सवय आहे, कारण नंतर डबे, मुलांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, मग स्वतःसाठी वेळ शोधून सापडत नाही. पण आता मॅटवर पडलं की चार-पाच मिनिटांत आधी पाय गार, मग हात, मग कंबर आखडते आणि डोक्यात एकच, की हे कधी संपतंय. आराम राहिला बाजूला, दात वाजवत पडायचं. ऑनलाइन क्लासच्या मॅडम म्हणतात अंगावर हलकी शाल घ्या. त्या मुंबईच्या. शालीनं काय होतंय, आमच्याकडे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, हॉलच्या खिडकीत कूलर अजून तसाच बसलेला (दरवर्षी 'या रविवारी काढतो' एवढंच ऐकते), आणि त्याच्या फटीतून हवा येते ती थेट माझ्या मॅटवर.

विचारायचं हे की थंडी संपेपर्यंत बंदच ठेवायचं का, की वेळ बदलून काही होईल? दुसरं, सासूबाई ६८ च्या आहेत, बीपी आणि शुगर दोन्ही, त्या रोज बघतात आणि म्हणतात मलाही असं पडायचंय, तर त्यांना करू द्यावं का? आणि तिसरं, चांगला लोड कुठे मिळेल, सध्या दोन उशा ओढणीनं बांधून काम चालवतेय आणि त्या मधेच सरकतात.

बर्डी_एक्स्प्रेस

ताई बुरा नका मानू, पण थंडीत कोणी पडून राह्यते का? थंडी म्हणजे व्यायामाचा सीझन. सकाळी अंबाझरी तलावावर जाऊन पाहा, बम लोक पळून राह्यले, म्हातारे म्हातारे लोक कानटोपी घालून चालून राह्यले. तुम्ही बारा सूर्यनमस्कार मारा, थंडी कुठच्या कुठे पळते. हे लोड लावून पडणं म्हणजे परदेशातलं फॅड आहे, आपल्या इकडे त्याले दुपारची झोप म्हणते आन् त्याची फी लागत नाई.

लोड_चादर_खुर्ची

@बर्डी_एक्स्प्रेस भाऊ, सूर्यनमस्काराबद्दल तुमचं बरोबर, त्यावर येतेच. पण फॅड परदेशातलं नाही हो, उगम आपल्या पुण्यातला आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि पुढे आजारी, म्हातारी, पाठदुखीची माणसं त्यांच्याकडे यायला लागली तेव्हा त्यांना आसन झेपावं म्हणून त्यांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड हे सगळं वापरात आणलं. ते स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं भोगून उठलेले, त्यामुळे अशक्त शरीर म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली, जगभरातून लोक तिथं शिकायला यायचे. त्यांच्याकडे शिकलेल्या ज्युडिथ लासाटर यांनी अमेरिकेत यातला आरामाचा भाग वेगळा काढून रिस्टोरेटिव्ह म्हणून पसरवला आणि आता तेच ऑनलाइन क्लासमधून आपल्याकडे परत येतंय. आणि झोपेचं म्हणाल तर शवासन हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातही आहे, थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं असं तिथं स्पष्ट लिहिलंय. असो.

@प्रतापनगरची_सून ताई, बंद अजिबात करू नका, पण पावसाळ्यात करत होता तसंच्या तसं थंडीत होणार नाही. शरीर हालत असतं तेव्हा स्नायू उष्णता तयार करतात, तुम्ही दहा मिनिटं निपचित पडलात की ती कमी होते, त्यात खाली गार फरशी. मग शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, आतली ऊब आत ठेवायला, म्हणून आधी पाय आणि हात गार पडतात. आणि गारठलेलं अंग सैल पडत नाही, खांदे आपोआप कानाकडे जातात, जबडा आवळतो. त्यामुळे 'मन लावून रिलॅक्स व्हा' वगैरे सांगून काही उपयोग नाही, आधी ऊब.

आमच्या बॅचमध्ये डिसेंबर-जानेवारीत मी काय करते ते सांगते. पहिली पंधरा मिनिटं कोणालाच आडवं होऊ देत नाही. मार्जरासन (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करणं), उभ्यानं हात-खांदे फिरवणं, मग सावकाश सूर्यनमस्कार, अंगाला ऊब आली पण धाप लागली नाही इथं थांबायचं. (बघा भाऊ, आले की नाही तुमचे सूर्यनमस्कार.) घाम येईपर्यंत करू नका, ओलं अंग घेऊन पडलात तर दुप्पट गार वाटतं. आणि पांघरूण अंग गरम असतानाच घ्यायचं. थंडी वाजायला लागल्यावर घेतलं तर गेलेली ऊब परत यायला फार वेळ लागतो, तोवर आसनाची वेळ संपते.

दुसरं म्हणजे सगळे लोक वरून पांघरतात आणि खाली नुसती मॅट. योगा मॅट घसरू नये म्हणून असते, तिच्यातून फरशीचा गारवा सरळ वर येतो. खाली आधी सतरंजी, त्यावर जुनी जाड गोधडी किंवा दुहेरी घडीचं ब्लँकेट, आणि मॅट घ्यायचीच तर सगळ्यात खाली. वरून एक ब्लँकेट असलं तरी चालतं मग. आईच्या किंवा आजीच्या हातची गोधडी घरात असेल तर तीच काढा, ती बरोबर अंगालगत बसते, ते गुळगुळीत मिंक ब्लँकेट जरा हललं की घसरतं.

तिसरं, आसनं कमी करा. एरवी पाच-सहा करत असाल तर थंडीत दोन किंवा तीनच. दरवेळी आसन बदलताना पांघरूण निघतं, लोड हलवायचा, उशा लावायच्या, तेवढ्यात जमवलेली सगळी ऊब जाते. त्यापेक्षा एकाच जागी नीट मांडणी करून पडा.

सुप्त बद्धकोनासन (उताणं पडून तळवे जोडायचे, गुडघे बाजूला सोडायचे) करत असाल तर लोड पाठीखाली कण्याच्या रेषेत उभा, माकडहाडापासून चार बोटं लांब, डोक्याखाली चादरीची घडी अशी की कपाळ हनुवटीपेक्षा थोडं वर राहील. दोन्ही मांड्यांखाली उश्या, गुडघे लोंबकळत ठेवायचे नाहीत. आता थंडीसाठी खास: पायांना वेगळी शाल. दोन्ही तळवे जोडलेले असतात ते शालीनं खालून वर घेऊन पाकिटासारखे बंद करायचे, मग त्यावर मोठं ब्लँकेट छातीपर्यंत, आणि हातसुद्धा आत. हात बाहेर पसरून ठेवायची फोटोतली स्टाइल मार्चपर्यंत विसरा. डोळ्यांवर ओढणीची घडी, कान झाकले जातील अशी.

लोडवर पोटावर पडून बालासन करता तेव्हा एक गोष्ट हमखास होते, पुढे वाकलं की स्वेटर वर सरकतो आणि कमरेची दोन-तीन बोटं जागा उघडी पडते. तुमची कंबर आखडतेय ती बहुतेक तिथूनच. बनियन सलवारीत खोचा, नाहीतर कमरेवरून आडवं टॉवेल टाका आणि मग ब्लँकेट. मान एका बाजूला अर्धा वेळ, मग दुसऱ्या बाजूला.

भिंतीवर पाय टाकून विपरीत करणी करत असाल तर बाहेरची भिंत घेऊ नका, रात्रभर गारठलेली असते, टाचा लावल्या की शिरशिरी थेट डोक्यात. घरातली मधली भिंत किंवा कपाटाचं दार बघा. पाय वर केले की रक्त खाली उतरतं, त्यामुळे मोजे हवेतच, जाड लोकरीचे, आणि पायांवरून शाल. नाहीतर सरळ पलंगाजवळ पडून पोटऱ्या गादीवर ठेवा, तेही छान लागतं.

आणि तो कूलर. काढेपर्यंत त्याच्या फटीत जुनी चादर कोंबा आणि तोंडावर पुठ्ठा लावा. मॅट तिथून हलवता येत असेल तर हलवा, बेडरूममध्ये पलंगाशेजारी एक माणूस मावेल एवढी जागा असली तरी पुरते, छोटी खोली लवकर उबदार होते.

गच्चीवरचं_ऊन

लोडताईंनी छान लिहिलंय. मी एक निवृत्त माणूस, लक्ष्मीनगरला राहतो, वेळेबद्दल थोडं बोलतो. पहाटे साडेपाचचा हट्ट थंडीत कशाला? जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्यच पावणेसातच्या पुढे उगवतो आणि रात्रीतला सगळ्यात गार वेळ तो उगवायच्या आसपासचा. त्याच नागपुरात दुपारी बाराला स्वेटर काढावा लागतो. एका दिवसात पंधरा-सोळा डिग्रीचा फरक पडतो, तर त्या फरकाचा फायदा घ्या ना.

तुम्ही नोकरी करता, त्यामुळे रोज दुपारी जमणार नाही, पण शनिवार-रविवारी अकरा-साडेअकराला करून पाहा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, जेमतेम अर्ध्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगलं आतपर्यंत येतं. आमच्याकडे तो पट्टा दिवाणापर्यंत पोचतो. तिथं सतरंजी टाका, तोंड सावलीत आणि पाठ-पाय उन्हात असं पडा, हीटरची गरज नाही. गच्चीवर केलं तरी चालेल पण गच्चीवर वारा असतो, आणि शेजारच्या गच्चीवरून 'काय झालं वहिनी, बरं नाही का' अशी चौकशी होते हा स्वानुभव आहे, म्हणजे मला 'काका' म्हणाले एवढाच फरक.

कामाच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणाच्या आधी. किंवा झोपण्याआधी, जेवून दोन तास झाल्यावर. तुमचा मूळ त्रास झोपेचा होता ना, मग तर रात्रच योग्य.

बर्डीवाल्या भाऊंना एक सांगतो, आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट, त्यांनी थंडीत आणि वसंतात व्यायाम करावा असं सांगितलंय, पण अर्ध्या शक्तीनं, आणि तोही अंगात ताकद असलेल्या, तेल-तूप खाणाऱ्या माणसानं. पूर्ण दमेपर्यंत नाही. त्यामुळे सकाळी अंबाझरी आणि रात्री लोड यात भांडण कुठे आहे? मी सकाळी चालतो आणि संध्याकाळी पाय वर करून पडतो. अंघोळीआधी तिळाचं तेल कोमट करून पायांना, कमरेला लावा, थंडीत सांधे कुरकुरतात त्याला बरं पडतं.

शिकायचंच असेल तर रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, तिथं लोडवालं रिस्टोरेटिव्ह म्हणून वेगळं काही शिकवत नाहीत, पण पाया पक्का होतो आणि समोर माणूस उभा असतो. मोबाइलमधल्या मॅडमना तुमची फरशी किती गार आहे ते कसं कळणार.

फिजिओ_बजाजनगर

सासूबाईंबद्दल वाचलं म्हणून लिहितेय, बाकीचं वरच्या लोकांनी सांगितलंच आहे.

करू द्या, पण तुमचं बघून तुमच्यासारखं नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बऱ्याच जणांचं बीपी हिवाळ्यात वाढलेलं असतं, तर आधी एकदा मोजून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा, फोनवर विचारलं तरी चालेल. शुगर बरीच वर्षं असेल तर डोळ्यांचा पडदा तपासलाय का तेही विचारा. पडद्याचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर भिंतीवर पाय, कमरेखाली लोड देऊन डोकं खाली, हे प्रकार नकोत. त्यांच्यासाठी बेस्ट म्हणजे पलंगावरच उताणं पडून गुडघ्यांखाली लोड, डोक्याखाली उशी, अंगावर गोधडी. जमिनीवर बसवूच नका, उठताना गुडघ्यांची परीक्षा होते. आडवं पडल्यावर छातीत जळजळत असेल तर पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसवा.

आता महत्त्वाचं. गरम पाण्याची पिशवी. थंडी आली की प्रत्येक घरात ती निघते आणि आजी-आजोबांच्या पायांशी ठेवली जाते. शुगरमुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसला तरी कळत नाही, आणि सकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो. असे पाय आमच्याकडे दर हिवाळ्यात बघायला मिळतात आणि शुगरवाल्यांची ती जखम भरायला किती वेळ जातो विचारू नका. त्यांच्या पायांना पिशवी नकोच. आधी पिशवीनं अंथरूण गरम करा, मग पिशवी काढून घ्या आणि मग त्यांना झोपवा. इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तरी तसंच, आधी तापवायचं, स्विच बंद, प्लग काढायचा, मग माणूस.

आणखी एक, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं असेल तेव्हा हे करायला लावू नका. साखर उतरली की थरथर होते, घाम येतो, आणि पांघरुणात पडलेल्या माणसाची थरथर बघून आपल्याला वाटतं थंडी वाजतेय, आपण अजून एक चादर टाकतो. घाम आणि थरथर एकत्र दिसली की आधी ग्लुकोमीटर.

उठवताना कुशीवर वळवून, मिनिटभर पलंगाच्या काठावर बसवून, मग उभं करा. बीपीच्या गोळीवर असलेली माणसं झटकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि हे सगळ्यांसाठी, कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून योगा करू नका. हसू नका, करतात लोक. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो, आणि इथं तर डोळे मिटून पडायचं असतं म्हणजे कळायचा प्रश्नच नाही. हीटर लावायचा तर आधी खोली गरम करून घ्या, पांघरुणापासून लांब ठेवा आणि पडायच्या आधी बंद करा.

इतवारीचा_गादीवाला_नाही_पण_शेजारी

लोडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. ऑनलाइन बोलस्टर मागवू नका, हजाराच्या वर पैसे जातात आणि आत फोम किंवा फायबर निघतो, महिन्याभरात मधोमध खड्डा. कापसाच्या मुलखात राहून फोमवर काय पडायचं! महाल, इतवारी, सक्करदरा कुठेही गादीवाल्याकडे जा आणि समोर भरून घ्या. माप सांगा, लांबी दोन फूट-सव्वादोन फूट, जाडी नऊ-दहा इंच. तो नुसतं 'लोड' म्हटलं की बैठकीचा लोड देतो, तो फार जाड आणि एकदम गोल असतो, पाठीखाली घेतला की माणूस एका बाजूला लोळतो. त्याला म्हणा थोडा चपटा ठेव, वरून बसल्यावर दबला पाहिजे पण बसला नाही पाहिजे. कापूस नवीन पिंजलेला घ्या आणि ठासून भरायला सांगा, साधारण तीन-साडेतीन किलो बसतो. सावरीचा कापूस उशीला मस्त पण लोडाला नको, फारच मऊ. जुनी गादी घरात पडली असेल तर तिचाच कापूस पिंजून भरून देतात, फक्त मजुरी आणि कापडाचे पैसे. खोळ दोन शिवून घ्या, चेनवाल्या. आठवड्यातून एकदा उन्हात टाका, ऊन खाल्लेला लोड संध्याकाळपर्यंत कोमट राहतो, तुमची अर्धी थंडी तिथंच गेली.

मी योगा करत नाही, बायको करते. मी लोड पोहोचवायचं काम करतो.

बर्डी_एक्स्प्रेस

काका, अर्ध्या शक्तीचं मान्य. आन् लोडताई, पुण्याचं मले खरंच माहीत नव्हतं. पण एक सांगा, मी रोज सकाळी पळतो, पोटऱ्या अशा दगड होऊन राह्यल्या या थंडीत, रात्री गोळे येते. त्याले हे चालते का? बायकोसमोर लोड घेऊन पडलो तर ते जन्मभर चिडवन.

लोड_चादर_खुर्ची

चालतं काय, तुमच्यासारख्यांनाच जास्त लागतं. पळून आल्यावर लगेच नको, तेव्हा साधं स्ट्रेचिंग करा. रात्री पोटऱ्या खुर्चीच्या सीटवर ठेवून उताणे पडा, गुडघे काटकोनात, खुर्चीवर चादरीची घडी म्हणजे कड रुतणार नाही, पायांवर ब्लँकेट. दहा-पंधरा मिनिटं. लोड लागत नाही त्यामुळे चिडवायचा प्रश्न मिटला, विचारलं तर खुर्ची दुरुस्त करतोय म्हणा. श्वास सोडताना घेण्यापेक्षा थोडा लांब सोडा, मोजत बसू नका. आणि पाणी प्या हो, थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत. गोळे रोज येत असतील तर मात्र डॉक्टरला दाखवा.

प्रतापनगरची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री साडेदहाला करून पाहिलं, पलंगाशेजारी, खाली सतरंजी आणि सासूबाईंची गोधडी, पाय शालीत बंद, हात आत. फक्त सुप्त बद्धकोनासन आणि शवासन. पाय गार पडले नाहीत! पण नवीनच भानगड, शवासनात झोपच लागली आणि नवऱ्यानं उठवलं तेव्हा मान अवघडली होती. झोप लागली तर ते चुकीचं का? आणि मला थंडीत नाक चोंदतं, उताणं पडलं की दोन्ही नाकपुड्या बंद, तोंडानं श्वास घ्यावा लागतो आणि घसा सुकतो, त्याला काय करायचं?

सासूबाईंचं बीपी उद्या मोजतोय. गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायांशी रोज असते हो, आजच काढली, त्या चिडल्यात.

@इतवारी दादा, माप लिहून घेतलंय, घरी एक जुनी गादी माळ्यावर आहे, तीच नेते.

फिजिओ_बजाजनगर

चिडू द्या. पिशवीऐवजी सैल लोकरीचे मोजे घाला त्यांना, इलॅस्टिक घट्ट नको, आणि रोज रात्री एकदा तळवे आणि बोटांच्या मधली जागा टॉर्च लावून बघत जा.

लोड_चादर_खुर्ची

झोप लागली तर लागली, तुमची झोप आधीच उधार होती ती शरीर वसूल करतंय. क्लासमध्ये आम्ही जागं राहायला सांगतो, पण रात्री साडेदहाला स्वतःच्या घरात कोण बघतंय. फक्त मंद आवाजाचा अलार्म लावा, आणि मानेखालची उशी खांद्यापर्यंत आणू नका, मान आणि डोकं एवढंच तिच्यावर असू द्या. मान अवघडली ती बहुतेक उशी उंच होती म्हणून किंवा डोकं एका बाजूला कललं म्हणून. टॉवेलच्या दोन गुंडाळ्या कानांच्या दोन्ही बाजूंना लावल्या की डोकं कलत नाही.

नाकाचं म्हणाल तर उताणं पडू नका ते दिवस. आधी वाफ घ्या, मग कुशीवर पडा, लोड पाठीला टेकून उभा, एक उशी डोक्याखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, एक छातीशी धरायला. ज्या कुशीवर पडाल त्याच्या वरची नाकपुडी बहुतेक वेळा थोड्या वेळात मोकळी होते, मग बाजू बदलायची. ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर त्या दिवशी योगा नको, सरळ झोपा. आणि लोड आला की पहिल्या दिवशी तो पाठीखाली पूर्ण वेळ घेऊ नका, नवा कापूस कडक असतो, पाच मिनिटांनी पाठ कुरकुरली तर वरून चादरीची एक घडी टाका.

इतवारीचा_गादीवाला_नाही_पण_शेजारी

ताई, या रविवारी गादी घेऊन जाऊ नका, संक्रांतीच्या आधी गादीवाल्यांकडे रजया भरायची गर्दी असते. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, समोर उभं राहून भरून मिळेल. आणि पिंजताना थोडं लांब उभं राहा, नाक आधीच चोंदलेलं आहे तुमचं.